पहिला चेंडू देवाचा

मार्च महिन्यात न्यू जर्सीत बेसबॉल खेळायचा हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला एकदा आमच्या शेजारी त्या पत्र्याच्या बाकावर दोन तास बसवायला हवं. समोर मोकळं मैदान, वाऱ्याला अडवणारं एक झाड नाही, आणि आमच्यासारखी चार-दोन म्हातारी माणसं घरातली सगळी पांघरुणं अंगावर घेऊन बसलेली. मुलांचे डॉक्टर म्हणून मी आयुष्यभर आयांना सांगत आले, की बाई गं, सर्दी थंडीनं होत नाही, विषाणूनं होते. त्या बाकावर बसलं की माझा माझ्याच विद्येवरचा विश्वास उडतो.

कुमारला मात्र थंडी वाजत नाही, निदान तो तसं कबूल करत नाही. कुमार म्हणजे माझा नवरा. ओळख पुण्याच्या कॉलेजातली, त्यामुळे 'अहो' म्हणायची वेळच आली नाही. या राज्यातले पूल बांधण्यात आणि बांधलेले तपासण्यात त्याचं नोकरीचं आयुष्य गेलं. क्रिकेट हा त्याचा खरा खेळ. बेसबॉलला तो अजूनही 'हा प्रकार' म्हणतो, पण नातवाचा एकही सामना चुकवत नाही. कानटोपी घालतो, गुडघ्यांवर ब्लँकेट घेतो आणि पंच चुकला की मराठीत बोलतो.

नातू म्हणजे निहार, आमच्या सुमंतचा मुलगा. आम्ही राहतो त्या एडिसनपासून अर्ध्या तासावर एक लहानसं कॉलेज आहे, तिथे शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या टीममध्ये डावीकडच्या मैदानात उभा राहतो. या कॉलेजातून कोणी मोठा खेळाडू होत नाही. मुलं पहाटे उठतात, गारठ्यात सराव करतात, परीक्षाही देतात आणि हे सगळं फक्त आवडीपोटी. निहारला प्लेनोत नोकरी लागली आहे, जुलैत तो टेक्ससला जाईल. तिथल्या काचेच्या ऑफिसात त्याला कोणी चेंडू टाकणार नाही. म्हणजे त्याचा हा शेवटचा वसंत, आणि नेमका याच वेळी त्याच्या बॅटला चेंडू लागेना.

तसं म्हटलं तर सुरुवातीच्या थंडीत कोणाचीच बॅट चालत नाही. बॅट धातूची. गार हातांनी धरलेली असताना चेंडू तिच्या टोकाला किंवा मुठीजवळ लागला, तर मधमाशी चावावी तशी कळ थेट कोपरापर्यंत जाते. मुलं बॅट टाकून हात झटकत उभी राहतात. पण बाकीच्यांचं अधूनमधून काहीतरी जमत होतं. निहारचं काहीच जमत नव्हतं. सोमवारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "आजी, शनिवारची गेम कोच मला देणार आहेत. तेव्हाही हिट नाही झाली तर माझी जागा एका फ्रेशमनला, फर्स्ट इयरच्या मुलाला." मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

बुधवारच्या सामन्यातही तेच झालं. निहार तीनदा खेळायला आला आणि तीनदा मान खाली घालून परत गेला. सामना संपल्यावर त्यांचे कोच हॅनिगन कुंपणापाशी आले. साठीचा उंच माणूस, नाक थंडीनं लाल झालेलं. मागच्या वर्षी एकदा मी त्यांना थर्मासमधला आल्याचा चहा दिला होता, तेव्हापासून ते मला 'डॉक' म्हणतात आणि सामना हरले तरी चहाला येतात. कागदी पेल्यावर दोन्ही हात शेकत ते म्हणाले, "डॉक, एक विचारू का? तुमच्यात पहिला चेंडू कोणाचा असतो?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी नीट सांगितलं. निहार तीन वर्षं त्यांच्याकडे खेळतोय. या तीन वर्षांत त्यानं आपल्याला टाकलेल्या पहिल्या चेंडूवर कधी बॅट फिरवलेली नाही. आधी त्यांना वाटलं, मुलगा सबुरीचा आहे, चांगलं आहे. पण या आठवड्यात त्यांनी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, तर तो म्हणाला, "कोच, तो माझा नाही."

"तीन वर्षं चाललं की मग," मी म्हटलं.

"मे महिन्यात चालतं," कोच म्हणाले. "मार्चमध्ये नाही." आणि मग त्यांनी मला, एका अडाणी बाईला समजावं असं, समजावलं. चेंडू मधोमध आला आणि तुम्ही तो सोडून दिला, तरी ती तुमचीच एक चूक धरतात. अशा तीन चुका झाल्या की बाद. थंडीत चेंडू टाकणाऱ्याची बोटं बधिर झालेली असतात, त्याला चेंडू वळवता येत नाही. म्हणून पहिला चेंडू तो साधा, सरळ, मधोमध टाकतो, की निदान एक तरी पदरात पडावा. त्या गारठ्यात बॅटवाल्याला मारण्याजोगा चेंडू मिळतो तो बहुतेक तेवढाच. आता आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांनी व्हिडिओ बघून ओळखलंय, की हा मुलगा पहिल्याला हात लावत नाही. मग काय, त्याला पहिला चेंडू ताटात वाढल्यासारखा येतो, आणि हा नुसता बघत राहतो.

"मग ओरडा ना त्याला," मी म्हटलं.

कोचनी चहाचा घोट घेतला. "त्यानं मला सांगितलं, तो देवाचा असतो. माझी आई रोज सकाळी चर्चला जायची, डॉक. देवाचा चेंडू मार, असं मी एखाद्या मुलाला कसं सांगू? ते तुमच्या घरातलं आहे, तुम्ही बघा."

या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. दुसरा असता तर हसला असता, नाहीतर त्यानं त्याच दिवशी मुलाला संघाबाहेर बसवलं असतं. यानं वाट पाहिली, आणि विचारायला आमच्या दारी, म्हणजे कुंपणापाशी, आला.

आणि ते घरातलं आहे हे मला लगेच उमगलं. निहार पाच वर्षांचा असेल. मागच्या अंगणात प्लॅस्टिकची बॅट घेऊन उभा राहायचा आणि कुमार त्याला खालून हलकेच टेनिसचा चेंडू टाकायचा. पोरगं पहिल्याच चेंडूवर डोळे मिटून बॅट फिरवायचं. तेव्हा कुमार म्हणायचा, "पहिला देवाचा. सोडायचा. दुसऱ्यापासून तुझा." स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ऐकू यायचं. मला त्यात काही नवल वाटलं नाही. क्रिकेटमध्ये आधी नजर बसवायची असते, पहिल्याच चेंडूवर धावून जायचं नसतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला 'नजर बसू दे' सांगून काय कळणार? म्हणून यानं देवाला मध्ये घातलं असेल, असं मी धरून चालले. शिवाय कुमारची ती सवयच होती. जेवायला बसला की ताटाभोवती भाताची चार शितं ठेवल्याशिवाय घास घेणार नाही. पिझ्झा आणला तरी पहिला तुकडा देवघरात जायचा. गणपतीपुढे पेपरोनी नको म्हणून मी साधा चीजचा मागवायला लागले, इतकंच.

घरी परतताना गाडीत मी त्याला कोच काय म्हणाले ते सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल, कपाळावर हात मारेल, 'मी असं म्हणालो होतो?' असं विचारेल. त्यातलं काहीच झालं नाही. तो स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला.

"अरे, बोल की," मी म्हटलं. "नातवाला एकदा सांगून टाक, बाबा रे, ते तेव्हाचं होतं, आता मार."

"देवाला दिलेलं परत मागत नाहीत, रेखा."

"देवाला दिलंस की क्रिकेटच्या क्लासला देवाचं नाव दिलंस?"

त्यानं लेन बदलली. मला अशा वेळी गप्प बसणारी माणसं सहन होत नाहीत. भांडायला दोघं लागतात, आणि हा आपला अर्धा वाटा उचलायलाच तयार नाही. मी घरापर्यंत एकटीच भांडले. एक्झिट आली तेव्हा तो म्हणाला, "हीटर जरा कमी कर." गुरुवारभर आमच्या घरात 'चहा झालाय' आणि 'टपाल आलंय' यापलीकडे संभाषण झालं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी निहार जेवायला आला. मी मुद्दाम बोलावलं होतं. हात बघितले तर तळव्यांना भेगा आणि बोटांच्या पेरांवर कातडं निघालेलं. त्याला वरणभातावर तूप वाढलं आणि विषयाला हात घातला.

"आजी, आय नो," तो म्हणाला. "एव्हरीबडी नोज. प्रॅक्टिसमध्ये मी पहिला मारतो. गेममध्ये हात जातच नाहीत. बॉल येतो, मस्त दिसतो, अगदी मोठा दिसतो, आणि मला वाटतं, नॉट माइन. सो आय लेट इट गो."

"मग उद्या?"

"उद्या ट्राय करीन ना." असं म्हणून त्यानं आजोबांकडे पाहिलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, तेच मला लागलं. जागा याची जाणार, शेवटचं वर्ष याचं, आणि काळजी कोणाची, तर आबांना वाईट वाटू नये याची. कुमार मान खाली घालून भात कालवत होता. कालवून कालवून त्याची खीर झाली तरी कालवत होता.

माझी सहनशक्ती फार नाही हे माझ्या पेशंटांनाही माहीत होतं. मी डाव खाली ठेवला आणि म्हटलं, "हे बघ कुमार. माझी आई वर्षाआड कुठलं ना कुठलं व्रत धरायची. पण धरलं ते जन्मभर ओढलं नाही. पुरं झालं की उद्यापन करायची, चार माणसं जेवायला बोलवायची आणि मोकळी व्हायची. व्रत मोडणं वेगळं आणि उद्यापन वेगळं. मोडलं तर पाप. उद्यापन केलं तर देवही म्हणतो, झालं हो तुझं, आता सुखानं राहा."

कुमारनं मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "चेंडूचं उद्यापन?"

"का? देवाला चेंडू घेताना लाज वाटली नाही, तर पोचपावती द्यायला कशाला वाटेल?"

निहार 'उद्यापन'वर अडला होता. मी त्याला सांगितलं, इट मीन्स यू फिनिश इट प्रॉपरली, विथ थँक्स. तो म्हणाला, "लाइक ग्रॅज्युएशन?" मी म्हटलं, हो, तसंच समज, फक्त पेढे चांगले असतात.

कुमार हात धुऊन उठला. "नारळ आहे का घरात?" नव्हता. तो जो गाडी काढून आयसेलिनला गेला, तो ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून नारळ, पेढे, झेंडूची फुलं आणि कशाला कोण जाणे पण विड्याची पानंही घेऊन आला. एकदा ठरलं की हा माणूस पूल बांधायला निघाल्यासारखा निघतो. तेवढ्यात निहारनं आपल्या बॅगेतून एक चेंडू काढून आणला, गवताचे हिरवे डाग पडलेला, एका बाजूचं कातडं सोललेला. "न्यू वन आणू का?" म्हणाला. कुमार म्हणाला, "नको. वापरातला असू दे."

तामणात तांदूळ घातले आणि त्यावर चेंडू ठेवला. हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली. उद्यापनाला मेहूण जेवू घालावं लागतं, म्हणजे एखादं जोडपं. मी म्हटलं, ते आपण दोघं आत्ताच जेवलो, चिंता नको. निरांजन लावलं. आता कुमार अथर्वशीर्ष म्हणेल म्हणून मी हात जोडले. त्यानं काही म्हटलं नाही. घसा खाकरला आणि देवघराकडे बघत, पलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलायला लागला.

"देवा, हा जन्मला त्या दिवशी मी पार्किंग लॉटमध्ये तुला सांगितलं होतं, हा आम्हाला दे, यापुढे प्रत्येक गोष्टीतलं पहिलं तुझं. तू दिलास. मी माझ्याकडून पाळलं. याला कळत नव्हतं तेव्हा याच्याकडूनही पाळून घेतलं, न विचारता. त्यानं कधी कुरकुर केली नाही. आता याला मोकळा कर. माझं माझं चालू राहील."

माझे जोडलेले हात तसेच राहिले.

निहार सात आठवडे आधी जन्मला. फेब्रुवारी होता, बाहेर बर्फ पडत होतं. तळहाताएवढं पोर काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या. तिथले सगळे डॉक्टर माझ्या ओळखीचे, म्हणून मी आत होते. मुलाला आणि सुनेला आकडे समजावून सांगत होते, ऑक्सिजन किती, वजन किती, आता काय करणार. कुमार मध्येच दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा खांदे पांढरे झाले होते. मी त्याला सगळ्यांदेखत बोलले, की इथे काय चाललंय आणि तुला गाडीवरचं बर्फ काढायचं सुचतंय? तो म्हणाला होता, "हो, फार साचलं होतं." इतकी वर्षं मी समजून चालले होते, की पोराला मी आणि माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी वाचवलं, आणि नवरा बाहेर गाडी पुसत होता.

आधी मला रागच आला, मला सांगितलं नाही म्हणून. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. मग राग कुठे गेला कळलं नाही. भाताची शितं, पिझ्झाचा तुकडा, दरवर्षी आंब्याच्या पेटीतला पहिला आंबा, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि मी त्यावर केलेली थट्टाही गेली. एवढं मोठं माणूस माझ्या घरात होतं आणि मी त्याला हीटरवरून बोलत होते. मला इतकं कृतज्ञ वाटलं, की कोणाला सांगावं ते कळेना, म्हणून मी पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत बसले. ती गाठ काही सुटेना.

 सगळं मराठी निहारला कळत नाही, पण हे कळलं होतं. त्यानं वाकून आजोबांना नमस्कार केला आणि मग तसंच त्यांना मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरूनच म्हणाला, "आबा, पार्किंग लॉट? रिअली?"

"लेव्हल टू, वर उघड्यावर," कुमार म्हणाला. "लिफ्टच्या बाजूला."

तेव्हा कुठे आम्ही तिघं हसलो, आणि कुमारनं डोळे पुसले.

शनिवारी ऊन होतं, पण ते फक्त दिसायला. वारा बुधवारपेक्षा वाईट. मी पेढ्यांचं खोकं कोचकडे दिलं. त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं. देवानं सोडला." त्यांनी टोपी काढली, एक पेढा खाल्ला, टोपी घातली आणि खोकं मुलांकडे फिरवलं. मुलं हातमोजे न काढताच पेढे खात होती. आमचा कॅचर, म्हणजे यांचा विकेटकीपर, दुरूनच मला ओरडून म्हणाला, की हे दर शनिवारी आणा.

निहार पहिल्यांदा खेळायला आला. पहिला चेंडू आला, मधोमध, मलासुद्धा दिसला. आणि निहारनं तो सोडला.

मी कपाळाला हात लावला. उद्यापन देवाचं झालं होतं, हातांचं कोणी केलं होतं? इतक्या वर्षांची सवय एका नारळानं जात नाही, हे मी पेशंटांना अंगठा चोखण्याबद्दल हजारदा सांगितलंय. निहार बाद होऊन परत गेला. कोचच्या शेजारी तो फ्रेशमन मुलगा उभा राहून बॅट फिरवत होता, अंगात ऊब यावी म्हणून असेल, पण मला ते बघवेना. कुमारनं ब्लँकेटखाली माझा हात धरला. त्याचा हात गार पडला होता. म्हणजे थंडी वाजत होती तर.

दुसऱ्या खेपेला निहारनं पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवली. फार लवकर फिरवली. चेंडू मुठीजवळ लागला, टप्पे खात थेट समोरच्याच्या हातात गेला आणि निहारच्या आधी पहिल्या बेसला, म्हणजे पळून गाठायच्या पहिल्या थांब्याला, पोचला. निहार पळता पळता हात झटकत होता. तरी मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बाद झालेल्याला ही टाळ्या का वाजवते म्हणून. त्यांना काय सांगणार?

तिसरी वेळ आली तेव्हा सामना संपत आला होता. आम्ही एका रननं मागे होतो आणि आमचा एक मुलगा दुसऱ्या बेसवर उभा होता. समोरच्यांनी नवीन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणला. नुकताच बाकावरून उठून आलेला, मुठीत फुंकर मारत होता. त्यांच्या कोचनी त्याला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते मला माहीत होतं. या मुलाला पहिला बिनधास्त मधोमध टाक, हा मारत नाही.

निहार बॅट घेऊन उभा राहिला. मी देवाचं नाव घेतलं नाही, देवानं त्याचं काम केलं होतं. मी निहारच्या हातांकडे बघत राहिले. पिचरनं हात मागे घेतला. चेंडू आला, सरळ, मधोमध. आणि हात गेले.

थंडीत आवाज वेगळा येतो, कोरडा. चेंडू उंच गेला, डावीकडच्या बाजूला. मे महिन्यात तो कुंपणापलीकडे गेला असता, असं मागून कोणी म्हणालं. त्या जड हवेत तो दमला आणि खाली यायला लागला. त्यांचा मुलगा मागे मागे पळत होता, हात वर केला होता. कुमार उभा राहिला, ब्लँकेट पायात अडकलं, मी त्याचा कोट धरला. चेंडू त्या मुलाच्या हातापलीकडे पडला. आमचा बेसवरचा मुलगा धावत परत सुरुवातीच्या जागी आला, एक रन मिळून बरोबरी झाली, आणि निहार दुसऱ्या बेसवर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. मी रडले. थंडीनं डोळ्यांत पाणी येतं, असं मी शेजारच्या बाईंना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, हो, वाराच तसा आहे.

सामना शेवटी आम्ही हरलो. त्याचं मला काही नाही. आवराआवर चालू असताना कोच कुंपणापाशी आले, चहा घेतला आणि निहारला हाक मारली. म्हणाले, "मंगळवारी. डावीकडे." एवढंच. मी त्यांचे आभार मानले तर म्हणाले, "माझे कशाला, डॉक? मी फक्त विचारलं." मी म्हटलं, तेच तर.

ते गेल्यावर निहार कुंपणाच्या जाळीला टेकून उभा राहिला. पंजे लाल झाले होते. मी जाळीतून बोटं घालून त्याची बोटं चोळायला लागले. तो आजोबांना म्हणाला, "आबा, एक विचारू? पहिला बॉल जायचा ना, तेव्हा मी मनात थँक यू म्हणायचो. ऑल्वेज. लहानपणापासून. तेवढाच टाइम असायचा, बॉल जाईपर्यंत. आता तो मी मारणार. मग कधी म्हणायचं?"

आम्ही त्याला चेंडू सोडायला शिकवलं होतं. हे कोणी शिकवलं नव्हतं.  कुमारनं कानटोपी काढली, परत घातली.

"पळताना म्हण," तो म्हणाला.

"पळताना ब्रेथ नसतो, आबा."

"मग मोठ्यानं नको म्हणूस."

मंगळवारी पाऊस थोडक्यात हुकला आणि सामना झाला. निहारनं पहिल्याच चेंडूवर बॅट घातली. चेंडू जमिनीवरून गेला, साधाच, आणि तो जीव तोडून पहिल्या बेसकडे पळाला. एका पावलानं बाद झाला. पण तो आमच्या समोरून पळत गेला तेव्हा मी त्याच्या पायांकडे बघत नव्हते, आणि कुमारही नव्हता. निहारचे ओठ हलत होते.